ई-रीडर सोपा, पण कोणास ?

कोणतेंहि नवें यंत्र बाजारांत आलें म्हणजे त्याच्या पाठोपाठ एक शब्द हटकून येतो. तो शब्द म्हणजे "सोपें". विकणारा म्हणतो, अगदीं सोपें आहे, ज्यानें तें आधीं घेतलें तो शेजारी म्हणतो, अहो, फार सोपें आहे, आणि घरांतील बारा वर्षांचा मुलगा तर "ह्यांत शिकण्यासारखें आहे तरी काय?" असें म्हणून मोकळा होतो. ज्याला तें यंत्र वापरतां येत नाहीं तो मनुष्य हें सर्व ऐकून घेतो व गप्प बसतो. सर्वच जण जी वस्तु सोपी म्हणतात ती आपणांस जमत नाहीं, तेव्हां दोष आपल्याच बुद्धीचा असला पाहिजे, असें त्याला वाटूं लागतें. आणि थोड्याच दिवसांत तें यंत्र कपाटांत जाऊन पडतें. हा अनुभव पुष्कळ घरांतील आहे, म्हणून "सोपें" ह्या शब्दाची एकदां नीट परीक्षा करणें अवश्य आहे. प्रस्तुत लेखांत ती परीक्षा ई-रीडर ह्या वाचनयंत्राच्या संबंधानें करण्याचें योजिलें आहे. शाळेचा सर्व व्यवहार पुस्तकावर चालतो. तेव्हां पुस्तकाची जागा घेऊं पाहणारें यंत्र कोणास उघडतां येतें व कोणास येत नाहीं, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम हें यंत्र काय आहे तें थोडक्यांत सांगतों. ई-रीडर म्हणजे मोबाइल फोन नव्हे, व संगणकहि नव्हे. त्याच्या पडद्यांत एका विशेष शाईच्या अतिसूक्ष्म कुप्या बसविलेल्या असतात. प्रत्येक कुपींत पांढरे व काळे कण असून त्यांवर परस्परविरुद्ध विद्युद्भार असतो. विजेच्या प्रेरणेनें कधीं पांढरे कण वर येतात, कधीं काळे. व त्यांच्या मांडणींतून अक्षरें उमटतात. एकदां उमटलेलें पान तसेंच राहतें; वीज खर्च होते ती मुख्यतः पान बदलतांना. त्यामुळें एकदां चार्ज केलेलें यंत्र पुष्कळदां कित्येक आठवडे चालतें, आणि भर उन्हांतहि त्यावरील अक्षर कागदावरच्या अक्षराप्रमाणें स्वच्छ दिसतें. ह्या शाईची कंपनी १९९७ सालीं अमेरिकेंत निघाली. २००४ सालीं सोनी कंपनीनें ह्या शाईचें पहिलें वाचनयंत्र जपानांत विक्रीस काढलें. २००६ सालीं तिचाच "सोनी रीडर" अमेरिकेंत आला. आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजीं अॅमेझॉन कंपनीनें "किंडल" आणला. पुढें "नूक", "कोबो" वगैरे दुसरींहि यंत्रें निघालीं. परंतु आपल्याकडे किंडल हेंच नांव अधिक परिचयाचें असल्यामुळें बहुतेक उदाहरणें त्याचींच घेतों.

कांहीं जण म्हणतील कीं, छापील पुस्तक असतां ह्या उठाठेवी कशास ? पुस्तकाइतकें सोपें साधन दुसरें नाहीं. हें खरें, परंतु पुस्तक हें उपजत सोपें नव्हे, हेंहि विसरतां कामा नये. आपल्या जुन्या पोथ्या पाहा. आडवीं, लांबट, सुटीं पानें. आणि त्यांवर शब्दांमध्यें जागा न सोडतां ओळच्या ओळ सलग लिहिलेली. ती वाचावयास सराव लागे, व तो ज्याला असे तोच वाची, इतरांनीं ऐकावें. मोडी कागदांचीहि तीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत छापखाने निघाले, देवनागरीचे ठसे पाडले गेले, शब्द सुटे झाले, पानें एकत्र बांधलीं गेलीं, त्यांवर आंकडे आले, आरंभीं अनुक्रमणिका आली. इतकेंच नव्हे, तर पुस्तक कसें धरावें, पान कसें उलटावें, धडा कसा शोधावा, हें मुलांस शिकविण्यांत शाळांनीं पिढ्यान्‌पिढ्या श्रम घेतले. म्हणजे छापील पुस्तक आज सोपें वाटतें तें दोन कारणांनीं: कारागिरांनीं तें सोपें केलें, आणि शिक्षकांनीं तें शिकविलें. ई-रीडरच्या बाबतींत पहिलें काम अर्धेंच झालें आहे, व दुसऱ्यास बहुतेक ठिकाणीं अजून प्रारंभच झालेला नाहीं. माझ्या म्हणण्याचें सार एवढेंच आहे.

पहिलें काम, म्हणजे कारागिराचें, कसें करावें ह्याचें एक चांगलें उदाहरण ह्या यंत्राच्या प्रारंभींच्याच इतिहासांत आहे. २००६ चा सोनी रीडर व २००७ चा किंडल ह्या दोहोंचा पडदा एकाच जातीचा होता. परंतु सोनीच्या यंत्रांत पुस्तक घालावयाचें म्हणजे आधीं संगणक पाहिजे. त्यावर कंपनीचें सॉफ्टवेअर बसविलें पाहिजे. मग तेथें पुस्तक विकत घेऊन तें तारेनें यंत्रांत उतरवून घेतलें पाहिजे. किंडलमध्यें मोबाइल फोनच्या जाळ्याशीं जोडणी आंतच केलेली होती, व तिचें वेगळें भाडें ग्राहकास पडत नसे. यंत्रावरच दुकान उघडावें, पुस्तक निवडावें, कीं सुमारें एका मिनिटांत तें हातांत. पहिल्या किंडलमध्यें दोष नव्हते असें नाहीं. त्याची किंमत ३९९ डॉलर होती, आणि पान उलटण्याचीं बटणें दोन्ही कडांना इतकीं पसरलेलीं होतीं कीं, यंत्र नुसतें हातांत घेतांनाहि पान उलटे, अशी लोकांची तक्रार असे. तरीहि तो लोकांनीं उचलून धरला. ह्याचें कारण, अडचण पान वाचण्यांत नव्हती. ती पुस्तक मिळविण्यांत होती, आणि ती कंपनीनें वाचकाच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली. सोपेपणा म्हणजे श्रमांचा अभाव नव्हे. श्रम असतातच, ते कोणीं करावयाचे एवढाच प्रश्न असतो.

ह्या कसोटीवर आजचीं यंत्रें घांसून पाहिलीं म्हणजे तीं सगळीकडे सारखींच उतरत नाहींत. यंत्र पेटींतून काढल्यावर पहिल्या अर्ध्या तासांत काय करावें लागतें तें पाहावें. भाषा निवडावी लागते. वाय-फायचें जाळें शोधून त्याचा पासवर्ड घालावा लागतो. कंपनीकडे खातें असावें लागतें, नसल्यास उघडावें लागतें. आणि हीं सर्व अक्षरें त्या मंद पडद्यावरच्या बारीक कळफलकावर एक एक करून टिपावीं लागतात. पासवर्डचें एक अक्षर चुकलें कीं पुनः आरंभ. ज्याला ह्या गोष्टींची संवय आहे त्याला त्यांची आठवणहि राहत नाहीं. आणि म्हणूनच "सोपें आहे" असें म्हणतांना तो हा अर्धा तास हिशेबांत धरीत नाहीं. ज्यानें उभ्या आयुष्यांत कधीं पासवर्ड ठेविला नाहीं, त्याच्या दृष्टीनें मात्र यंत्राचा उंबरठाच डोंगराएवढा असतो; आंतलें घर कितीहि सोयीचें असेना.

उंबरठा ओलांडल्यावर दुसरी अडचण येते, ती न दिसणाऱ्या खुणांची. २०११ सालीं बोटाच्या स्पर्शानें चालणारा किंडल निघाला, आणि त्यानंतर पान उलटण्याचीं बटणें हळूहळू बहुतेक नमुन्यांतून गेलीं. पडद्याच्या उजव्या बाजूस बोट लावलें कीं पुढचें पान. डाव्या कडेस लावलें कीं मागचें. वरच्या पट्टींत लावलें कीं अक्षरांचा आकार, दुकान वगैरेंची यादी. जाणत्यास ही व्यवस्था सुटसुटीत वाटते, कारण पान मोकळें राहतें. परंतु ह्या तीन भागांच्या सीमा वाचतांना पडद्यावर आंखलेल्या दिसत नाहींत. ज्याला त्या कोणी सांगितल्या नाहींत, तो पुस्तकांतून बाहेर पडावयाचा मार्ग शोधीत बसतो. त्यांतून हा पडदा फोनच्या मानानें मंद. बोट लावल्यावर पान बदलावयास जो क्षण लागतो तेवढ्यांत नवशिका दुसऱ्यांदा बोट लावतो, आणि दोन पानें पुढें जातो. अंगठा अक्षरांवर टेकून राहिला, तर यंत्रास वाटतें कीं, ह्यानें शब्दाचा अर्थ विचारला. लगेच शब्दकोशाची चौकट पुढें येते. तरुणास ही गंमत वाटते. थरथरत्या हाताच्या वृद्धास वाटतें कीं आपण कांहीं तरी बिघडविलें.

तथापि ह्याच वृद्धास ह्या यंत्रानें जें दिलें आहे तें छापील पुस्तकास कधींहि देतां आलें नसतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें. चाळिशी लावूनहि बारीक टाइप न दिसल्यामुळें ज्यांनीं वाचन सोडून दिलें, त्यांना तें पुनः धरतां येतें. सातआठशें पानांचा जाडजूड ग्रंथ ज्यांच्या मनगटास पेलत नाहीं, त्यांना तोच ग्रंथ एका वहीएवढ्या वजनांत मिळतो. म्हणजे ज्याला यंत्राचा सर्वांत अधिक उपयोग, त्यालाच त्याचा उंबरठा सर्वांत उंच. अशी ही विपरीत स्थिति आहे. सोपेपणाचा विचार केवळ चैनीचा नव्हे, तो येथें दिसून येतो.

आतां दोन प्रयोग शेजारीं ठेवून पाहूं. वर्ल्डरीडर ह्या संस्थेनें २०१० सालापासून आफ्रिकेंतील घाना देशांत शाळांतील मुलांच्या हातीं किंडल दिले. त्यांतील कित्येक मुलांनीं तत्पूर्वीं संगणकास हातहि लावला नव्हता. तरीहि तीं यंत्र चालवावयास लवकर शिकलीं. चोरी होईल अशी जी भीति वाटत होती तीहि बहुतांशीं निराधार ठरली. अडचण आली ती निराळ्याच बाजूनें: पहिल्या प्रयोगांतील सुमारें शेंकडा ४० यंत्रें मोडलीं. कारण ह्या पडद्याच्या पाठीशीं पातळ कांच असते, व ती दाबली किंवा आपटली गेली कीं तडकते. पुस्तक दप्तरांत कोंबतां येतें, अंगणांत पडलें तरी झटकून घेतां येतें. हें यंत्र तसें नाहीं. मुलांना यंत्राचा उपयोग कळला होता. यंत्र बनविणारास मुलांचें जीवन कळलें नव्हतें.

दुसरा प्रयोग २००९ सालचा, अमेरिकेंतील प्रिन्स्टन, रीड, अॅरिझोना स्टेट इत्यादि उच्च शिक्षणसंस्थांतला. तेथें मोठ्या पडद्याचा "किंडल डीएक्स" विद्यार्थ्यांस देऊन त्यांचीं क्रमिक पुस्तकें त्यावर वाचावयास लाविलीं. हे विद्यार्थी यंत्रांत वाढलेले, बुद्धीनें निवडक. त्यांना तर हें यंत्र खेळण्यासारखें वाटावयास पाहिजे होतें. परंतु त्यांच्यांतील पुष्कळांनीं तक्रारी केल्या: समासांत टिपण करणें कष्टाचें, एका प्रकरणांतून दुसऱ्यांत झट्कन जातां येत नाहीं, दोन उतारे शेजारीं ठेवून ताडून पाहतां येत नाहींत. घानांतील मुलांस जें जमलें तें प्रिन्स्टनच्या पदवीपरीक्षेच्या विद्यार्थ्यांस कां अडलें ? ह्याचें उत्तर असें कीं, दोघांचीं कामें निराळीं होतीं. गोष्ट वाचणारा मनुष्य आरंभापासून शेवटापर्यंत सरळ चालत जातो, व त्याला एकच कृति पुरते: पान उलटणें. अभ्यास करणारा पुढें मागें धांवतो, बोटें तीन पानांत अडकवून ठेवतो, कडेला खूण करतो. म्हणून "हें यंत्र सोपें आहे काय ?" ह्या प्रश्नाला उत्तरच नाहीं. "कोणास, व कशासाठीं ?" हें सांगितल्यावांचून तो प्रश्न अपुरा राहतो.

वर्गांत ह्याचा प्रत्यय लगेच येतो. शिक्षक म्हणतात, "पान ४७ काढा." छापील पुस्तक असलें तर चाळीस मुलें एकदम पान ४७ काढतात. ई-रीडरवर एकानें अक्षर मोठें केलेलें असतें, दुसऱ्यानें लहान. त्यामुळें एकाच्या पडद्यावर जें दिसतें तें दुसऱ्याच्या पडद्यावर दिसत नाहीं. प्रारंभींच्या किंडलवर पानांचे आंकडेच नसत. त्यांच्या जागीं "स्थान" दर्शविणाऱ्या भल्या मोठ्या संख्या असत. २०११ पासून छापील प्रतीशीं जुळणारे आंकडे येऊं लागले, तेहि कांहीं पुस्तकांपुरतेच. ज्या सोयीनें क्षीणदृष्टीच्या वाचकाचें भलें केलें, तिनेंच वर्गाचें एकत्र वाचन अवघड केलें. अशा वेळीं चपळ मुलगा शब्द शोधण्याची सोय वापरून उतारा काढतो. मंद मुलगा शेजाऱ्याच्या यंत्रांत डोकावतो, आणि तेवढ्यांत धडा पुढें जातो.

२००९ च्या त्याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट निघाली, व ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. किंडल डीएक्समध्यें मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय होती. अंध विद्यार्थ्यांस ही केवढी पर्वणी ! परंतु तें यंत्र पुस्तक वाचून दाखवी. कोणतें पुस्तक निवडावें, आवाज कोठून चालू करावा, हें सांगणारी यादी मात्र तें बोलून दाखवीत नसे. म्हणजे घरांत गाणें चाललें आहे, पण दाराची कडी डोळस मनुष्यानेंच काढावयाची. अमेरिकेंतील अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनीं एका अंध विद्यार्थ्यासह अॅरिझोना स्टेट विद्यापीठावर दावा लाविला, व जानेवारी २०१० मध्यें त्याची तडजोड झाली. सरकारी न्यायखात्यानें इतर कांहीं महाविद्यालयांशीं करार केले, आणि जून २०१० मध्यें देशांतील महाविद्यालयप्रमुखांस पत्र लिहून बजाविलें कीं, अंध विद्यार्थ्यांस वापरतां न येणारें वाचनयंत्र वर्गांत सक्तीचें करूं नये. त्याच वर्षींच्या नव्या किंडलमध्यें यादीहि बोलूं लागली. परंतु २०१२ सालीं जो "पेपरव्हाइट" नांवाचा नमुना निघाला त्यांत पडद्यास उजेड आला, आणि आवाज अजीबात गेला ! तो परत यावयास २०१६ साल उजाडावें लागलें. नवें तें अधिक सोपें, असें समजणारांनीं हीं चार वर्षें ध्यानांत ठेवावीं. कोणाचा उजेड वाढतांना कोणाचा आवाज गेला, हें पाहणारा कोणी तरी पाहिजे.

आपल्या मराठी भाषेचीहि ह्यांत एक निराळी गोष्ट आहे. किंडलच्या दुकानांत मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ व मल्याळम् ह्या पांच भाषांतील पुस्तकांचा विभाग २०१६ च्या अखेरीस उघडला. म्हणजे पहिल्या किंडलनंतर नऊ वर्षांनीं. देवनागरी दाखविणें हें रोमन लिपि दाखविण्याइतकें सरळ काम नव्हे. पहिली वेलांटी उच्चारांत अक्षरानंतर, पण लिहिण्यांत त्याच्या आधीं. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरांचीं रूपें तर असंख्य. हीं सर्व जुळवून दाखविण्याची शक्ति यंत्रांत नसली म्हणजे "विद्यार्थी" हा शब्द सुट्या अवयवांसारखा विखरून पडतो. शिवाय पुष्कळशीं जुनीं मराठी पुस्तकें पानांच्या छायाचित्रांच्या रूपानेंच मिळतात. त्यांचें अक्षर वाढवूं गेलें कीं सबंध पानच वाढतें, व ओळ वाचावयास तें डावीकडे उजवीकडे ओढीत बसावें लागतें. युनिकोडपूर्वींच्या टाइपांत जुळविलेला मजकूर असला तर मराठीच्या जागीं अर्थहीन खुणांची रांग दिसते. जाणता मनुष्य ह्यांतूनहि वाट काढतो. कोविद गोयल ह्यांनीं २००६ सालीं सोनी रीडरसाठीं जें सॉफ्टवेअर लिहावयास घेतलें तेंच पुढें "कॅलिबर" ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. एका प्रकारचें पुस्तक दुसऱ्या प्रकारांत बदलण्यास तें फुकट मिळतें. परंतु कॅलिबर ज्याला येतें त्यालाच येतें. इंग्रजी कादंबरी वाचणाऱ्या नवशिक्यास ज्या पायऱ्या चढाव्या लागत नाहींत, त्या मराठी वाचकास चढाव्या लागतात, आणि त्याच्या हातीं दिलेली माहितीपत्रिका बहुधा इंग्रजींतच असते.

ह्या सोपेपणाची एक किंमतहि आहे. एकाच कंपनीचें यंत्र, तिचेंच दुकान व तिचेंच खातें असल्यामुळें किंडल नवशिक्यास सुलभ झाला. पण त्यामुळेंच वाचक त्या एका दुकानाशीं बांधला गेला. जुलै २००९ मध्यें जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या "१९८४" व "अॅनिमल फार्म" ह्या पुस्तकांच्या कांहीं प्रती, विक्रेत्यास हक्क नव्हते ह्या कारणानें, अॅमेझॉननें वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. पैसे परत दिले. कंपनीच्या प्रमुखांनीं पुढें जाहीर क्षमाहि मागितली. परंतु छापील पुस्तक विकणारा दुकानदार रात्रीं घरांत शिरून पुस्तक उचलून नेत नाहीं, हा फरक लोकांच्या लक्षांत आला तो आलाच. जाणता वाचक आपल्या पुस्तकांची प्रत अन्यत्र ठेवतो, दुसऱ्या दुकानांतून घेतो, ग्रंथालयांतून उसनें आणतो. अजाणत्यास एकच दार ठाऊक असतें. सोपेपणाबरोबर स्वातंत्र्यहि यावयाचें असेल, तर त्याला दुसरें दार दाखविणारा कोणी तरी पाहिजे.

ह्यावर एक आक्षेप पुष्कळदां ऐकूं येतो. लोक म्हणतात, आजचीं मुलें हें सर्व उपजत जाणतात. म्हातारीं माणसें आज ना उद्यां मागें पडणारच. दहावीस वर्षांत हा प्रश्न आपोआप नाहींसा होईल. हा युक्तिवाद मला पटत नाहीं. एक तर, फोनवर बोटें भराभर चालतात म्हणून अभ्यास करतां येतो असें नाहीं. प्रिन्स्टनच्या उदाहरणावरून तें दिसून आलेंच आहे. दुसरें, सर्व मुलांच्या घरीं सारखीं यंत्रें नसतात. एकाच बांकावर बसणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या घरीं तीन फोन व वाय-फाय असतें, व दुसऱ्याच्या घरीं एकच फोन, तोहि वडिलांबरोबर कामावर जातो. आणि तिसरें, यंत्रें बदलत राहतात. आजचा चपळ मुलगा उद्यां साठीचा होईल, तेव्हां त्याच्यापुढें कोणतें तरी नवेंच यंत्र असेल, आणि त्याचा नातू त्याला म्हणेल, "आजोबा, अगदीं सोपें आहे !"

मग शाळांनीं काय करावें ? यंत्रास विन्मुख होऊं नये, आणि त्याच्या पायांहि पडूं नये. ग्रंथालयासाठीं असलें यंत्र घ्यावयाचें असेल, तर तें वर्गांतील सर्वांत हुशार मुलाच्या हातीं देऊन पाहूं नये. त्याला तें येणारच. ज्याच्या घरीं असलें कांहीं नाहीं अशा मुलाच्या हातीं द्यावें, आणि आपण मुकाट्यानें बाजूस बसावें. सांगितल्यावांचून त्याला पुस्तक उघडतां येतें काय ? चुकून भलतीकडे गेल्यास परत येतां येतें काय ? अक्षर मोठें करतां येतें काय ? दुसऱ्या दिवशीं तेंच सर्व पुनः आठवतें काय ? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे यंत्राची खरी किंमत कळते. दुकानाच्या जाहिरातींतून ती कळत नाहीं. अंध विद्यार्थी असल्यास पांचवा प्रश्न त्याच्याकडून विचारून घ्यावा, व त्याचें उत्तर "नाहीं" आलें तर तें यंत्र वर्गांत सक्तीचें करूं नये.

यंत्र घेतल्यावर तें शिकविलें पाहिजे, आणि शिकविण्याचीहि एक रीत आहे. जाणता मनुष्य शिकवूं लागला म्हणजे यंत्र आपल्या हातीं ओढून घेतो, चार ठिकाणीं भराभर बोटें लावतो, आणि "झालें, बघ !" म्हणून परत देतो. ह्यानें काम होतें, पण शिक्षण होत नाहीं. शिकणाराच्याच हातीं यंत्र असावें, व शिकविणाराचे हात पाठीशीं असावेत. पानावरच्या त्या न दिसणाऱ्या सीमा दाखविणारें एक साधें चित्र मराठींत काढून यंत्राच्या आवरणांत चिकटवावें. पान चुकलें तर कोठें बोट लावावें, एवढें त्यावर ठळक लिहिलेलें असलें तरी निम्मी भीति जाते. खातें उघडणें, वाय-फाय जोडणें हें किचकट काम शाळेनें आपल्याकडे घ्यावें, म्हणजे मुलाच्या हातीं यंत्र येईल तेव्हां पुस्तकच येईल, कोडें येणार नाहीं. यंत्रास मजबूत आवरण घालावें. आणि क्रमिक पुस्तकाची छापील प्रत काढून टाकूं नये. दोन्ही साधनें शेजारीं असावींत, व कोणत्या कामास कोणतें हें मुलानें अनुभवानें ठरवावें.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटची गोष्ट तुम्हांस सांगावयाची आहे, कारण ह्या कामांत तुमचा वांटा शिक्षकांहून मोठा आहे. सुटींत घरीं जाल तेव्हां आजी किंवा आजोबा तुम्हांला यंत्राविषयीं कांहीं विचारतील. एकदां सांगितलेलें पुनः विचारतील, तिसऱ्यांदाहि विचारतील. त्या वेळीं "सोपें तर आहे !" हे शब्द तोंडावाटे काढूं नका. ते ऐकल्यावर माणूस चवथ्यांदा विचारीत नाहीं, आणि जें त्याला वाचावयाचें होतें तें वाचावयाचें राहून जातें. त्यांनीं तुम्हांला अ, आ, इ गिरवावयास शिकविलें तेव्हां पाटी तुमच्या हातांत होती, आणि तुमचीं अक्षरें वांकडीं आलीं तरी त्यांनीं ती हिसकावून घेतली नव्हती. यंत्र त्यांच्या हातीं द्या, जवळ बसा, आणि पहिलें पान त्यांनाच उलटूं द्या.